आक्कानं निवडलेलं जहाज

मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात आक्काला म्हटलं, "आक्का, आपण दोघी जहाजानं फिरून येऊ."

ती मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "कोणत्या जहाजानं?"

मला वाटलं होतं ती नको म्हणेल. नको म्हटल्यावर तिला कसं पटवायचं याची सगळी तयारी करून मी बसले होते. ती वायाच गेली.

आक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आमचे वडील परभणीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले आणि फार लवकर गेले. मी तेव्हा सातवीत होते. आक्का नुकतीच नर्सिंग शिकून बाहेर पडलेली. कोठी भागातल्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात ती लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. मधल्या वर्षांत आईचं आजारपण, माझं शिक्षण, माझं लग्न, माझं बाळंतपण, सगळं तिनंच निभावलं. तिनं स्वतः लग्न केलं नाही. का नाही, हे मी तिला आयुष्यात दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं वेगवेगळी उत्तरं दिली आणि मला दोन्ही खरी वाटली. आता ती तारनाक्याला आमच्याकडेच असते.

बोटीचा तिचा अनुभव म्हणजे हुसेनसागर. दर बुद्धपौर्णिमेला आम्ही तलावातल्या बुद्धाच्या पुतळ्यापर्यंत बोटीनं जातो. दहा मिनिटांचा प्रवास, पण आक्का कठड्याशीच उभी राहते आणि उतरताना सगळ्यात शेवटी उतरते. माझ्या मनात जहाज आलं ते त्यावरूनच. निदान मी सगळ्यांना तसं सांगत होते.

दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या वर प्रवास कंपनीचं छोटं ऑफिस होतं. तिथल्या तेलुगू मुलीनं आमच्यासमोर दोन रंगीत पुस्तिका ठेवल्या. दोन्ही जहाजं सिंगापूरहून सुटणारी, चार रात्रींची, पेनांग आणि फुकेत करून परत येणारी. एक अगदी नवं आणि अवाढव्य. त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या, नाटकघर, बाजार, आणि मधोमध खऱ्या झाडांची बाग. दुसरं थोडं जुनं, तेरा मजल्यांचं. नुसतं पाहिलं तर तेही राक्षसच, पण पहिल्याच्या शेजारी ठेवलं की गरीब वाटायचं.

"अम्मा, ये बड़ेवाले में सब कुछ है," ती मुलगी म्हणाली.

आक्कानं चष्मा लावला. "इसमें दवाखाना कितवे मजले पे है?"

मुलगी गोंधळली. आजवर तिला हे कुणी विचारलं नसावं. तिनं फोन लावून विचारलं. मग आक्काचा दुसरा प्रश्न आला, काम करणाऱ्या माणसांना सुट्टी कधी मिळते. आणि तिसरा, जहाजाला बाहेरून पूर्ण फेरी मारता येते का. मोठ्या जहाजावर येत नव्हती, मध्येच कुठेतरी वाट बंद होत होती. दुसऱ्यावर मात्र लाकडी फळ्यांचा रुंद रस्ता जहाजाला सगळीकडून वळसा घालून जात होता. आक्कानं त्या फोटोवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

घरी आल्यावर माझ्या मुलीनं दोन्ही जहाजांचा तक्ता करून दिला. ती गचीबावलीला कंप्यूटरच्या कंपनीत काम करते. घरात मराठी बोलते, पण वाचायची वेळ आली की अडखळते. आक्काला कळावं म्हणून तिनं मुद्दाम मराठीत टाइप केलं होतं. आक्का मोठ्यानं वाचू लागली, "पहिले जहाज. खोली लहान. दुसरे जहाज. खोली मोठी." मग थांबून म्हणाली, "अगं, दोन्ही एकाच समुद्रात आहेत ना? मग एकाची खोली लहान कशी?"

"मावशी, रूम! रूमची साइज लिहिलीय मी," मुलगी ओरडली. आक्काला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसू आलं.

पण मला हसू येत नव्हतं, कारण मला मोठं जहाज हवं होतं. मी नाना कारणं दिली. लिफ्टा जास्त आहेत, नवं आहे, स्वच्छ असेल, तुला त्रास होणार नाही. शिवाय बागेकडे उघडणारी, गॅलरी असलेली खोली मिळत होती.

"बागेकडं तोंड करून झोपायला समुद्रात कशाला जायचं?" आक्का म्हणाली. "बाग काय, इथं विद्यापीठातही आहे."

"तुला नव्या गोष्टीचं कौतुकच नाही."

"नाही तर नाही."

त्यानंतर दोन दिवस आम्ही जेवढ्यास तेवढं बोलत होतो. माझ्या नवऱ्याला पाणी बघितलं की चक्कर येते, त्यामुळे त्यांनी आधीच अंग काढून घेतलं होतं. ते वर्तमानपत्राआडून आम्हा दोघींकडे बघत राहिले. खरं कारण मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. आमच्या ऑफिसातली एक बाई त्या मोठ्या जहाजावर जाऊन आली होती. जेवणाच्या सुट्टीत आठवडाभर ती फोटो दाखवत होती. ती बाग, त्या घसरगुंड्या. मी तेव्हाच मनात ठरवलं होतं, एक दिवस मीही असेच फोटो दाखवीन.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना आक्का म्हणाली, "तुझं मोठंच घे. मला काय, कुठलंही चालेल."

मी लगेच रिक्षा केली आणि तिलाही बरोबर घेतलं. पुन्हा दिलसुखनगर, पुन्हा तो जिना. तिथल्या तेलुगू मुलीनं मोठ्या जहाजाचा फॉर्म काढला आणि आक्काला विचारलं, "अम्मा, खुश?"

"हौ, हौ," आक्का म्हणाली.

ते 'हौ' मला ओळखीचं होतं. सणाच्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला, की पुरणाचा हात धुऊन ती असंच 'हौ' म्हणायची आणि पांढरी साडी नेसायला आत जायची. मला नव्या दप्तराची हौस झाली की असंच म्हणायची. त्या शब्दात राग नसायचा, दुःखही नसायचं. आपल्याला काय हवं होतं ते तिनं गुपचूप घडी घालून ठेवलेलं असायचं, एवढंच.

मी पेन खाली ठेवलं. "दुसरं करा," मी मुलीला म्हटलं. "जुनंवाला."

"अगं, कशाला?" आक्का म्हणाली.

"मला तिथं फेऱ्या मारायच्या आहेत. पोट सुटलंय माझं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलंच असणार.

आमच्या सोयीच्या तारखेला त्या जहाजावर खिडकीची एकच खोली उरली होती. मुलगी संकोचानं म्हणाली, की त्या खिडकीसमोर लाइफबोट टांगलेली असते, त्यामुळे समुद्र अर्धाच दिसतो. मी आक्काकडे बघितलं.

"मग तर बरंच की," आक्का म्हणाली. "काही झालंच तर आपण सगळ्यांच्या आधी होडीत."

ती मुलगी इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे साहेब वळून बघायला लागले.

जहाजावर गेल्यावर खिडकीतून खरोखरच नारिंगी होडीचं पोट दिसायचं आणि त्याच्याखाली हातभर समुद्र. तो हातभर समुद्र आक्काला पुष्कळ होता. खुर्ची खिडकीशी ओढून ती बसायची आणि मला पाण्याचा रंग सांगायची. आता हिरवं, आता शिशासारखं, आता बघ, चांदीच झाली.

फेऱ्यांना ती सहा वाजता निघायची. पहिल्या सकाळी मी कुरकुरत मागं गेले. फळ्या नुकत्याच धुतलेल्या, वारा असा की पदर धरून ठेवावा लागायचा. एक फेरी संपायला चांगला वेळ लागत होता. वाटेत फळ्या पुसणारे, रंग देणारे, दोर गुंडाळणारे लोक भेटायचे. आक्का प्रत्येकाला हात जोडायची. दुसऱ्या दिवसापासून तेही लांबूनच हात जोडू लागले.

पेनांगला आमच्या शेजारीच ते दुसरं, मोठं जहाज येऊन लागलं. नाश्त्याला आम्ही वर गेलो आणि समोर ते. सगळं आकाश अडवून उभं. मी मजले मोजायला लागले आणि मध्येच चुकले. घसरगुंड्यांवरून मुलं किंचाळत खाली येत होती. खोटं कशाला सांगू, मनाला थोडं लागलं. मी इडलीचा तुकडा नुसताच सांबारात फिरवत राहिले.

आक्का मात्र डोळे विस्फारून बघत होती. "केवढं आहे गं! बरं झालं आपण त्यात नाही. त्यात असतो तर हे दिसलं असतं का?"

मी तोंड वळवून हसले. मग फोन काढला आणि त्या जहाजाचे भरपूर फोटो काढले. नंतर ऑफिसातल्या त्या बाईलाही पाठवले. तिचं उत्तर आलं, की एवढं मोठं होतं हे मला आत असताना कळलंच नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी चौथ्या फेरीला आम्ही दोघी दमून बाकावर टेकलो. उजाडत होतं, पाणी अगदी शांत होतं. मी विचारलं, "आक्का, या फेरीचं तुला एवढं काय होतं गं? पहिल्या दिवसापासून तेच विचारत होतीस."

ती गुडघे चोळू लागली. मग म्हणाली, "आमच्या वॉर्डाचा व्हरांडा सरळ होता. या टोकाला गेलं की त्या टोकाची बाई हाक मारायची, त्या टोकाला गेलं की इकडची. माझं सगळं चालणं कुणाच्या तरी हाकेनं झालं. वाईट नव्हतं ते, किती लेकरं या हातांवर आली. पण मनात यायचं, एकदा असं चालावं की पुढं टोकच नसेल आणि हाक मारायला कुणी नसेल."

मला बोलायचं पुष्कळ होतं. तिनं आयुष्यभर धावून ओ दिली त्यात माझ्याच हाका जास्त होत्या, हे म्हणायचं होतं. पण ती उठली सुद्धा. "चल, एक अजून," म्हणाली. मी तिच्या मागोमाग चालत राहिले आणि ती पूर्ण फेरी तिला एकदाही हाक मारली नाही.

परत आल्यावर रविवारी आम्ही विहारात गेलो. वंदना झाल्यावर बायकांनी आक्काला घेरलं. कुणी विचारलं, जेवण कसं होतं. कुणी विचारलं, भीती वाटली का. आक्का भिंतीला टेकून आरामात बसली आणि सांगू लागली, की शेवटच्या दिवशी पहाटे जहाजाच्या कडेनं मासे उडत होते. पाण्यातून निघायचे, पंख पसरायचे आणि लांबवर जाऊन पुन्हा पाण्यात शिरायचे.

मी थक्क झाले. "कधी गं? मी कुठं होते?"

"तू झोपली होतीस. इतकी गाढ, की उठवावंसं वाटलं नाही."

एका बाईला काही खरं वाटेना. "आक्का, मासे कुठं उडतात का?"

"हौ, उडतात की," आक्का म्हणाली, आणि तळहात आडवा धरून, जमिनीपासून वीतभर उंचीवरून, ते कसे जातात ते सगळ्यांना दाखवू लागली. लहान मुलींसारख्या माना वाकवून आम्ही सगळ्याजणी तो हात बघत होतो.