रिपोर्टात न बसलेली माणसं

आमच्या ऑफिसातून दर तीन महिन्यांनी एक रिपोर्ट परदेशी जायचा. त्यात तक्ते असायचे, संदर्भ असायचे, शेवटी 'मर्यादा' नावाचा एक परिच्छेद असायचा. एवढं सगळं कोंबूनही काहीतरी बाहेर उरायचंच, आणि जे उरायचं ते आम्ही चहाच्या वेळी एकमेकांना सांगायचो. वर्षभरात ते इतकं साठलं, की आता कुणी "इंटर्नशिपमध्ये काय केलंस?" असं विचारलं तर रिपोर्टातलं एक वाक्य मला धड आठवत नाही. हे मात्र एकामागून एक येत राहतं.

आधी ऑफिस सांगते. कोल्हापूरला राजारामपुरीत एका स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या. शिक्षणशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक इंगळे मॅडम तिथं एक छोटं संशोधन केंद्र चालवायच्या. युद्धामुळे, दुष्काळामुळे देश सोडून पळालेल्या मुलांची शाळा कशी चालू ठेवायची, यावर परदेशातली एक टीम अभ्यास करत होती. त्या टीमची प्रमुख हेलन. तिला लागणारं मदतीचं काम आमच्याकडं व्हायचं. शोधनिबंध वाचून गाळायचे, मुलाखतींची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायची, प्रश्नावल्या तपासायच्या. इंटर्न दोघं. एक मी, आजऱ्याची वैशाली, आणि दुसरा पेठ वडगावचा सिद्धार्थ.

* * *

माझ्या बाबांचा आजऱ्यात काजूचा छोटा कारखाना आहे. काम लागल्यावर मी त्यांना फोनवर अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. ते "कळलं, कळलं" म्हणाले. दिवाळीत घरी गेले तर सगळ्या गल्लीला माहीत होतं, की वैशू निर्वासितांना शिकवते.

आत्यानं विचारलं, ते लोक बोलतात कसं, कानडी का हिंदी? मी म्हटलं, मी त्यांना भेटलेलीच नाही. त्यांच्याबद्दल लोकांनी जे लिहिलंय ते मी वाचते, आणि त्याचा सारांश करून हेलनला पाठवते.

मग ही हेलन तरी त्यांच्याजवळ असती का, असं आत्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही, ती पण लांबच असते.

आत्यानं हातातला काजू सोलून ताटात टाकला. मग म्हणाली, "अगं, मग त्या पोरांजवळ हाय कोण?"

कोल्हापूरला परत आल्यावर मी हे हसत हसत मॅडमना सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडून आत्याचा प्रश्न लिहून घेतला.

* * *

निबंध गाळायचा नियम असा होता की प्रत्येक निबंधाचा गोषवारा दोघांनी स्वतंत्र वाचायचा, 'घ्यावा' किंवा 'गाळावा' असं ठरवायचं, आणि गाळला तर शेजारच्या रकान्यात कारण लिहायचं. पहिला आठवडा सिद्धार्थनं इंग्रजीत व्यवस्थित कारणं लिहिली. दुसऱ्या आठवड्यात तो कंटाळला आणि त्यानं एका निबंधापुढं इंग्रजी अक्षरांत सरळ लिहून टाकलं, 'काय न्हाय त्यात'.

ती शीट हेलनलाही दिसत होती. पुढच्या मीटिंगमध्ये तिनं तोच शब्दप्रयोग कसाबसा वाचून दाखवला आणि हे काय आहे असं विचारलं. मॅडमनी सिद्धार्थकडं बघितलं. सिद्धार्थ अजिबात गडबडला नाही. तो म्हणाला, विषय बरोबर आहे, पद्धत बरोबर आहे, संदर्भही भरपूर आहेत, पण वाचून झाल्यावर हाताला काही लागत नाही, अशा निबंधाला आमच्याकडं असं म्हणतात.

हेलननं तो शब्द पुन्हा एकदा म्हणून बघितला. मग म्हणाली, वीस वर्षं मी या शब्दाशिवाय काम करतेय.

पुढच्या आठवड्यापासून शीटमध्ये 'के.एन.टी.' असा अधिकृत रकाना आला. परदेशातली चांगली शिकलेली माणसं मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्यानं "मला वाटतं हा के.एन.टी. आहे" असं म्हणायला लागली.

मग एके दिवशी यादीत हेलनचाच एक जुना निबंध आला. मी वाचला, सिद्धार्थनं वाचला, नियमाप्रमाणं एकमेकांना काही न सांगता. शीट उघडली तर दोघांचं एकच उत्तर. आम्ही घाबरून मॅडमकडं गेलो. मॅडमनीही निबंध वाचला आणि म्हणाल्या, जाऊ दे तसंच.

संध्याकाळी हेलनची एका शब्दाची मेल आली. "मान्य."

* * *

बाबांच्या प्रचाराचा परिणाम म्हणून एक दिवस मारुतीकाका एसटीनं थेट ऑफिसात आले. आमच्या आजऱ्याजवळच्या एका गावातले. त्यांचं जुनं गाव धरणात गेलेलं. नवीन वसाहतीत घर मिळालं, पण जमिनीची फाईल कुठंतरी अडकली ती अडकलीच. ती आख्खी फाईल पिशवीत घालून ते मॅडमसमोर बसले.

मी ओशाळून त्यांना सांगायला लागले, की काका, आमचे निर्वासित वेगळे, ते दुसऱ्या देशात गेलेले. काका म्हणाले, "गाव गेलं, घर गेलं, शाळा गेली. अजून किती लांब जायाला पायजे हुतं?"

मॅडमनी मला चहा सांगायला पाठवलं आणि फाईल वाचायला घेतली. दोन तास वाचत होत्या. मधे मधे विचारत होत्या. तेव्हा कळलं, की गाव उठलं तेव्हा अर्धी घरं एकीकडं गेली, अर्धी दुसरीकडं, आणि मास्तरांची नेमणूक मात्र जुन्या गावाच्या नावावरच राहिली. मास्तर रोज सकाळी येऊन पाण्याच्या कडेला सही करायचे आणि मग पोरं शोधायला निघायचे. काकांची थोरली मुलगी त्या वर्षात शाळेतून सुटली ती परत गेली नाही. हे सांगताना काका फाईलच्या दोऱ्याशी चाळा करत होते.

मॅडमनी त्यांना एक अर्ज नव्यानं लिहून दिला आणि ओळखीच्या वकिलांचा पत्ता दिला. मुलीचं नाव विचारून घेतलं.

निघताना काकांची नजर आमच्या भिंतीकडं गेली. खालपासून वरपर्यंत बॉक्सफायली. हे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमचा अभ्यास.

काकांनी वर बघितलं, खाली बघितलं आणि मॅडमना अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, तुमची फाईल माझ्यापेक्षा मोठी हाय. तुमचं काम व्हायला येळ लागंल."

* * *

जिन्याखाली अक्काताईंची चहाची टपरी. हेलनकडून आलेली पालकांची प्रश्नावली आम्ही मराठीत केली, ती लोकांना कळते का हे बघायला सिद्धार्थ पहिल्यांदा त्यांच्याकडंच गेला. विधान साधं होतं: माझ्या मुलांची शाळा मला सुरक्षित वाटते. उत्तराला पाच पर्याय. पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत.

अक्काताईंनी 'व्हय' म्हणून सांगितलं. सिद्धार्थनं विचारलं, सहमत का पूर्णपणे सहमत?

"व्हय म्हंजे व्हय की. अर्धं व्हय कसलं असतंय?"

मग तटस्थ म्हणजे काय ते त्यानं समजावलं. हो पण नाही आणि नाही पण नाही. अक्काताईंनी शांतपणे सांगितलं, की असलं माणूस आमच्या गल्लीत न्हाय.

गल्लीत खरंच नव्हतं. वीस जणांना विचारलं, सगळी उत्तरं दोन टोकांना. हेलननं काळजीनं विचारलं, की प्रश्नावलीत काही चूक झालीय का? मॅडमनी कळवलं, चूक नाही, कोल्हापूर आहे.

* * *

थंडीत स्वेटरवाले तिबेटी लोक कोल्हापुरात येऊन दुकानं मांडतात. लहानपणापासून बघत आलोय, पण त्या वर्षी सिद्धार्थ जेवताना एकदम थांबला आणि म्हणाला, "वैशाली, आपण चार महिने निर्वासित वाचतोय, आणि हितं रस्त्यावर हायत की."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेले. पेमा नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. मी खूप जपून सुरुवात केली, कारण आम्हाला शिकवलं होतं की पहिला प्रश्न हळुवार हवा. मी विचारलं, मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या?

"मुंडगोडची."

म्हणजे कर्नाटकातल्या. तिबेट त्यांनी बघितलेलं नव्हतं. जन्म तिथलाच, शाळा तिथल्या तिबेटी वसाहतीतली. घरी तिबेटी, बाजारात कानडी, बाहेर हिंदी, आणि दर थंडीत कोल्हापूरला येऊन येऊन मराठी. बोलता बोलता त्यांनी एका गिऱ्हाइकाला कानडीत दरडावलं आणि दुसऱ्याला "बघा की पावणं, घालून बघा," म्हणाल्या. आईवडिलांबद्दल मी विचारलं तेव्हा मात्र त्या स्वेटरांच्या घड्या घालायला लागल्या. वडील मरेपर्यंत एक पेटी भरून ठेवायचे, एवढंच त्यांनी सांगितलं. परत जायचं झालं तर तयारी असावी म्हणून.

माझ्या वहीत पुढचे सात प्रश्न होते. मी वही मिटली.

मग त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. तू कुठली? आजऱ्याची. इथं कुठं राहतेस? हॉस्टेलवर. जेवण? मेसचं. आईबाबा? तिकडंच. घरी कधी गेलतीस? मी म्हटलं, दिवाळीत.

त्यांनी मान हलवली. ढिगातून एक लोकरीची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर बसवली. मी पैसे काढले तर हात मागं ढकलला.

"राहू दे. घरापासून लांब असतेस."

* * *

आता शेवटचा किस्सा. हा सांगताना सिद्धार्थ नेहमी मधे बोलतो, म्हणून तो नाही तोवर सांगून घेते.

युसुफ सर एका आफ्रिकी देशातल्या छावणीत शिकवायचे. दहाव्या वर्षी ते तिथं आले, तिथंच शिकले, तिथंच मास्तर झाले. त्यांची मुलाखत मला फोनवर घेऊन टाइप करायची होती, पण ती ठरायची आणि मोडायची. अखेर ठरली तेव्हा आमच्याकडं पंचगंगेला पूर आला. रस्ते बंद, वीज गेलेली. नदीकाठच्या गावांतली माणसं शहरातल्या शाळांमध्ये आणून ठेवली होती. मी आणि सिद्धार्थ तिथंच एका शाळेत मदतीला जात होतो. मी फोनवरून युसुफ सरांना दोन ओळी लिहिल्या. शहरात पूर आहे, माणसं शाळेत राहतायत, मुलाखत पुढं ढकलू या.

तासाभरात उत्तर आलं. मुलाखतीबद्दल एक अक्षर नाही. पुस्तकांची वाट बघू नका. मुलांना रोज त्याच जागी, त्याच वेळेला बसवा. रोज हजेरी घ्या, नाव घेऊन घ्या. मोठ्यांना धाकट्यांना शिकवू द्या. जिच्या कडेवर धाकटं भावंड असेल तिला दाराजवळ बसवा, म्हणजे ते रडलं तर तिला उठून जावं लागणार नाही.

वर्षभर आम्ही हेच शोधत होतो. एका पानात होतं.

सिद्धार्थनं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून हजेरीपट केला. व्हरांड्यात वर्ग भरायला लागला. चौथ्या दिवशी युसुफ सरांनी त्यांच्या वर्गानं लिहिलेल्या पत्राचा फोटो पाठवला, 'कोल्हापूरच्या विस्थापित मुलांना' म्हणून. मी ते मराठीत वाचून दाखवलं. घाबरू नका. पाण्याच्या रांगेला कंटाळू नका, रांगेत मैत्री होते. चप्पल उशाखाली ठेवून झोपा.

पोरं चप्पलवर खूप हसली. त्या रात्रीपासून मात्र सगळ्यांनी तसंच केलं.

उत्तर लिहायचं ठरलं. चिखलीची शिवानी, सहावीतली, तिचं अक्षर चांगलं म्हणून तिनं लिहिलं. आजोबा म्हशीशिवाय घर सोडायला तयार नव्हते, म्हणून म्हैस जिन्यानं वरच्या मजल्यावर चढवली. काका होडीनं जाऊन तिला वैरण घालून येतात. आणि खाली शेवटी: 'आमचं पाणी आठ दिवसात उतरंल म्हणतात. मग आम्ही घरी जाणार. तुमचं पाणी कधी उतरणार?'

इंग्रजी करताना मी तिथं अडले. 'परत कधी जाणार' हा प्रश्न, निर्वासितांना विचारू नयेत अशा प्रश्नांच्या यादीत पहिला होता. ती यादी मीच टाइप केली होती. सिद्धार्थ म्हणाला, ती ओळ गाळ. मी मॅडमना फोन केला.

मॅडमनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "पोर पोराला विचारतंय. आपण मधे कोण?"

पाठवलं. दिवस गेले, उत्तर नाही. पाणी उतरलं, माणसं घरी गेली, शाळा धुतली, ऑफिस उघडलं. मी रोज सकाळी आधी मेल बघायचे. सिद्धार्थ माझ्या चेहऱ्याकडं बघायचा. ती ओळ गाळायला हवी होती, असं मला वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात फोटो आला. एक कागद, खाली सगळ्या वर्गाच्या सह्या, दाटीवाटीनं, काही आडव्या, काही समासात. मॅडमनी चष्मा लावला आणि आम्हा दोघांना वाचून दाखवलं.

'प्रिय शिवानी, तुझं पत्र वर्गात तीनदा वाचलं. आम्ही बरीच चर्चा केली, मतदान घेतलं, आणि एकच प्रश्न विचारायचं ठरलं. म्हैस जिना चढली, ते समजलं. उतरली कशी?'