ड्रोन आला, पण गच्चीला कुलूप

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून जेवायच्या आधी हे लिहायला बसलेय.

आज सकाळी आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत ड्रोनने औषधं पोचवायची रंगीत तालीम होती. चौथ्या मजल्यावरचे परबकाका तालमीपुरते हार्ट अटॅकचे पेशंट झाले होते. गेल्या वर्षी काकी गेल्या, तेव्हा ॲम्ब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकली होती. म्हणून काका स्वतःहून तयार झाले.

चार मिनिटांत ड्रोन औषधांची पेटी घेऊन गच्चीवर उतरला. एकदम झकास! मी पेटी आणायला धावले, तर गच्चीच्या दाराला हे एवढं मोठं कुलूप. चावी सेक्रेटरींच्या खिशात, आणि सेक्रेटरी समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, ड्रोनचा व्हिडिओ काढत! मी फोन करतेय, ते कट करतायत.

वीस मिनिटांनी हसत हसत आले. "अगं, लँडिंग काय मस्त आलंय बघ!"

पेटी घेऊन खाली गेले, तर परबकाका कॉटवर उठून बसले होते. म्हणाले, "राहू दे गं. हिच्या वेळी निदान ट्रॅफिक तरी होता."

आता कमेंटमध्ये हळहळू नका. आधी उठा आणि तुमच्या गच्चीची चावी आत्ता कुणाकडे आहे ते विचारून या.