शेवंताचा डावा हात

कामशेतजवळच्या आमच्या शाळेत झाडलोट माझी अन् घंटेचे टोलही माझेच. तिथले किस्से म्हणजे कचराच. कितीही झाडा, कोपऱ्यात उरतोच!

दर हिवाळ्यात ट्रेनिंगचे मास्तर सरावाचे पाठ घ्यायला यायचे. माझी शेवंता तेव्हा चौथीत. लहानपणी तापात उजवा हात लुळा पडलेला, डोकं मात्र लख्ख! तिला कुणी प्रश्न विचारावा, वर्गातून तिचा आवाज यावा, एवढीच माझी आस. व्हरांडा झाडताना कान तिकडंच.

*

पहिलाच मास्तर म्हणाला, "मावशी, हिला घरी ठेवा ना. बिचारी!"

"भाऊ, बोलायला हात लागतो व्हय?"

*

दुसरा दयाळू. रोज तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवायचा.

शेवंता म्हणाली, "आये, गोळी लय ग्वाड हाय. पन गुरुजी मला काईच इचारत न्हाईत."

*

एका बाईंनी तिला उंच पोरींच्या मागं बसवलं. म्हणे, "माझा पाठ बघायला येणाऱ्या परीक्षकांना वाईट वाटायला नको."

"अन् पोरीला?"

बाई खडू शोधायला लागल्या!

*

मग आले कदम गुरुजी. लय हुशार! आदल्या दिवशीच वर्गाला शिकवून ठेवलं, "साहेबांसमोर सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. मी उजव्यांनाच विचारीन."

मी झाडू घेऊन आडवी गेले. "गुरुजी, माझ्या पोरीला वर कराया डावाच हाय!"

"मावशी, एकीसाठी सगळ्या वर्गाची खूण कशी बदलू?"

*

दुसऱ्या दिवशी परीक्षक मागं खुर्ची टाकून बसले. गुरुजींनी विचारलं, "इंद्रायणी कुठे उगम पावते?"

सगळ्या वर्गाचे हात वर. सगळे डावे!

"वा!" साहेब खूश. "विचारा की एखाद्याला."

गुरुजींनी सगळे बाक नजरेनं धुंडाळले. एक उजवा हात सापडेना. शेवटी म्हणाले, "शेवंता... तू सांग."

शेवंता उभी राहिली. "लोणावळ्यापाशी, कुरवंड्याला." अन् तिथून जी सुटली ती थांबेचना! कामशेत आलं, आंबी आली, देहू आलं, आळंदी आली...

तास संपलेला. पोरांच्या नजरा दाराकडं. हातोडी माझ्या हातात.

नदी भीमेला मिळेपर्यंत मी टोल दिलाच नाही!