कमलची दृष्ट

घरातलं कोण कधी गेलं हे आमच्या मोठ्या आत्याला आठवत नसे, पण कशानं गेलं ते तोंडपाठ होतं. पितृपक्षात पानं वाढताना ती नाव घेई आणि लगेच कारण सांगे. पणजोबा काळपुळीनं, त्यांची आई पटकीनं, एक चुलत आजोबा धनुर्वातानं. आम्हा मुलांच्या घशाखाली घास उतरत नसे. जन्मभर रेल्वेच्या ऑफिसात नोकरी केलेली, इंग्रजीत साहेबाला गप्प करणारी ही बाई; पण या बाबतीत तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

तीन बायकांना मात्र ती एकच कारण लावी, दृष्ट. आजोबांची आत्या, आजोबांची बहीण, आणि तिची स्वतःची धाकटी बहीण कमल. तिघीही डोहाळजेवणानंतर काही दिवसांतच झटके येऊन गेल्या होत्या. त्यामुळे दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी डोहाळजेवण बंद झालं ते कायमचं. आत्या कुणाचं कौतुकही करत नसे. भाजी कशी झाली विचारलं तर म्हणे, खाण्यासारखी आहे. पोटुशी बाई समोर आली की ती भिंतीकडे पाहून बोले.

मला सातवा संपत आला तेव्हा सासूबाईंनी नेपियर टाउनच्या घरी हौसेनं डोहाळजेवणाचा घाट घातला. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सगळं साग्रसंगीत. काय तेज आलंय, अंग कसं भरलंय, असं जी ती म्हणत होती. तेवढ्यात आत्या ऑटो करून न बोलावता आली आणि दारातूनच म्हणाली, "बंद करा हे. काहून मारून राहिले पोरीला?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. मी आत्याला आतल्या खोलीत नेलं. एवढ्या वर्षांत कुणाला न सांगितलेलं तिनं तिथे मला सांगितलं.

"कमलचं तोंड असंच भरलं होतं. मीच म्हटलं, किती छान दिसून राहिली. माझीच लागली तिला. मग डोकं दुखते म्हणे, डोळ्यापुढे चमकते म्हणे. आणि झटके सुरू झाले."

माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, ते मी दगदगीवर ढकलले होते. फुलं अंगावर तशीच ठेवून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मला घरी जाऊ दिलं नाही. मुलगी लवकर काढावी लागली, पण आम्ही दोघी वाचलो.

आमच्या घरच्या दृष्टीची गोष्ट डॉक्टरीणबाईंनी लक्ष देऊन ऐकली. गरोदरपणात बीपी असं चढलं की अंगावर सूज येते आणि पुढे झटके येतात, काही घराण्यांत हे चालत येतं, असं त्यांनी सांगितलं. ज्याला आम्ही तेज म्हणत होतो ती सूज होती.

मुलीनं जरासं बाळसं धरलं तेव्हा तिला घेऊन मी आत्याकडे गेले आणि हे सगळं तिला सांगितलं.

"म्हणजे मी पाहिलं म्हणून नाही?"

"नाही आत्या. ते आधीच सुरू झालं होतं. तुझा काही संबंध नव्हता."

तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "मग तर कमल वाचली असती. कोणी दवाखान्यात नेलं असतं तर."

मग तिनं मुलीला मांडीवर घेतलं आणि तिचं तोंड डोळे भरून पाहिलं. गेल्या हिवाळ्यात आत्या गेली, पण त्या दिवशी मान वर न करता ती जे बोलली ते माझ्या मनातून जात नाही.

"ही मोठी होईल तेव्हा मी नसेन. तू सांगशील हिला. पण दृष्ट नको म्हणू, बेटा. खरं काय होते तेच सांग."