दाजींच्या चुलीपुढचे पाच महिने

बी.ए.चा निकाल लागला त्याच आठवड्यात आक्का बाळंतपणासाठी आमच्या गावी, बोरगावला आली आणि तिच्या जागी मी बेळगावला गेलो. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. पण झालं ते असंच.

आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, बेळगावात एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचं पोट नाजूक. खानावळीचं तेल त्यांना सोसत नसे. आक्का दोन पोरींना घेऊन माहेरी आल्यावर त्यांच्या जेवणाचं काय, हा प्रश्न आला. आई बाळंतिणीपासून हलू शकत नव्हती. आप्पांनी तंबाखूच्या शेतातून येऊन पाय धुतले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तू जा. कोल्हापूरला बोर्डिंगात भात रांधत होतास न्हवं? चार म्हैने त्यांच्या जेवणाचं बघ. ते तुझ्या नोकरीचं बघतील."

आप्पांना हा सौदा लई आवडला होता. मलाही वाईट वाटला नाही. आमच्या भावकीत पहिला बी.ए. मी. मला वाटत होतं, बेळगावला पोचायचा अवकाश, कचेऱ्या दार उघडून उभ्या असतील.

पहिल्या संध्याकाळी मी पिठलं आणि भात केला. पिठल्यात गुठळ्या झाल्या. दाजींनी बोटानं एक गुठळी दाबली, ती फुटून आतून कोरडं पीठ निघालं. त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं.

"बी.ए.ला हेच शिकवत्यात व्हय?"

मी म्हणालो, "उद्या नीट करतो."

"भाकरी कुठाय?"

"भाकरी मला येत न्हाय, दाजी."

"मग येतंय काय तुला?"

दाजी मॅट्रिक होते, तेही दुसऱ्या खेपेला झालेले. चिकाटीनं पंधरा वर्षांत हेडक्लार्कच्या खुर्चीवर पोचलेले. हे मला ठाऊक होतं, आणि मला ते ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. ताट सरकवल्यावर माझ्या मनात आलं, मॅट्रिकला दोनदा बसलेला माणूस मला शिकवतो. तोंडातून शब्द काढला नाही, पण तोंडावर ते दिसलं असणार. कारण ते माझ्याकडं बघून हसले, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

भाकरी मला भिंतीपलीकडच्या बाईंनी शिकवली. एकट्या राहायच्या, घरात कन्नड बोलायच्या, आणि सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. त्या प्रेमानं वगैरे शिकवत नव्हत्या. उंबऱ्यात बसून मला शिव्या देत शिकवत होत्या. "पाणी उकळतं घाल. हाताच्या टाचेनं मळ, बोटानं काय कुरवाळतोस! चिरली बघ." माझी भाकरी परातीतून उचलली की हातातच दोन तुकडे व्हायची. तव्यावर बोटं भाजायची. दहा-बारा दिवसांनी एक भाकरी फुगली, तेव्हा मावशी म्हणाल्या, "तुझी आक्का या घरात आली तवा ह्याच चुलीपुढं रडत शिकली. पंधरा वर्षांची व्हती." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझं लक्ष भाकरीकडं होतं.

माझा दिवस असा असायचा. पहाटे उठून पाणी भरायचं, चूल पेटवायची, साडेनऊला दाजींना जेवायला वाढायचं. ते गेले की भांडी घासायची आणि धुतलेला सदरा घालून नोकरी शोधायला निघायचं. हाताला कांद्याचा वास असायचा. तो साबणानं जात नसे.

एका शाळेच्या हेडमास्तरांनी माझं सर्टिफिकेट दोन्ही बाजूंनी पाहिलं, जणू मागच्या बाजूला काही लपवलं असावं. मग आडनाव वाचून म्हणाले, "घरी शेती असेल ना?"

"आहे."

"मग ती कोण करणार? प्रत्येकानं खुर्चीच मागितली तर नांगर कुणी धरायचा?"

त्यांच्या स्वतःच्या घरात किती पिढ्या नांगर धरला नव्हता हे विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. एका वकिलांच्या घरी ओसरीवर दोन तास बसवलं, आणि शेवटी आतून निरोप आला की कारकून ठेवायचा तर आपल्या ओळखीतलाच ठेवणार. दुसऱ्या एका कचेरीत टेबलावरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "कन्नड बरीलिक्के बरतदेनु?" मला कन्नड बोलता यायचं, बाजारापुरतं. लिहिता येत नव्हतं. मी तसं सांगितलं, तर त्यानं हातानंच जा म्हणून खुणावलं, माशी हाकलावी तसं.

रोज एक अपमान घेऊन घरी यायचो आणि चुलीपुढं बसायचो. संध्याकाळी दाजी यायचे, कोट खुंटीला लावायचे आणि विचारायचे, "आज कुठं कलेक्टर झालास?"

तरी मी टिकून होतो, कारण माझा खरा भरवसा दाजींच्याच कचेरीवर होता. तिथं एक कारकुनाची जागा मोकळी होणार होती. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहून त्यांच्या हातात दिला होता. त्यांनी घडी घालून तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला होता.

आठवड्यानं विचारलं, तर म्हणाले, "दिलाय साहेबांकडं."

महिन्यानं विचारलं, तर म्हणाले, "सरकारी काम हाय. पिठलं न्हाय, घटकाभरात व्हायला."

चौथ्या महिन्यात एके दिवशी दाजींचं पोट बिघडलं होतं. सकाळी जेवले नाहीत. दुपारी मऊ भात आणि ताक घेऊन कचेरीत ये, म्हणाले. मी डबा घेऊन गेलो. दाजी टेबलावर नव्हते. शेजारी आवक-जावकाची नोंद ठेवणारा कारकून होता, पन्नाशीचा, बोलका. तो म्हणाला, "ठेव इथं. तूच का तो गावाकडचा? तुझ्या हाताची आमटी चांगली असते म्हणतात हेडक्लार्कसाहेब. किती शिकलास? चौथी?"

मी म्हणालो, "बी.ए."

त्याला वाटलं मी थट्टा करतो. मग माझ्या तोंडाकडं बघून त्याचं हसणं थांबलं. त्यानं हळूच विचारलं, "मग इथल्या जागेला अर्ज का नाही केलास? परवाच भरली. मॅट्रिकवाला घेतला."

"केला होता. तीन महिन्यांपूर्वी."

त्यानं नोंदीची वही ओढली. बोट ठेवून पान पान उलटत गेला, तीन महिने मागं, मग चार महिने. माझं नाव कुठंच नव्हतं. वही मिटून तो म्हणाला, "इथं आलेला कागद माझ्या वहीतून सुटत नाही, बाळा."

एवढ्यात दाजी आले. आम्हा दोघांना वहीपाशी पाहून त्यांना सगळं कळलं. पण ते डगमगले नाहीत. खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डबा ठेवलास ना? मग आता जा. ताकात मीठ घातलंस का आज तरी?"

चार टेबलांवरून हसू आलं.

मी डबा ठेवला आणि चिठ्ठी न पाठवता, पट्टेवाल्याला बाजूला सारून, सरळ साहेबांच्या खोलीत शिरलो. इंग्रजीत बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि दाजींना बोलावलं. दाजी हात बांधून उभे राहिले. "माझा मेव्हणा आहे, साहेब. जरा तापट आहे. अर्ज अर्धवट होता म्हणून मी पुढं पाठवला नाही."

माझा अर्ज अर्धवट नव्हता. साहेबांना त्यात रस नव्हता. "जागा भरली आहे," ते मला म्हणाले, "आणि पुन्हा असं आत येऊ नका." मग दाजींकडं वळून म्हणाले, "घरची भांडणं घरी ठेवत चला." माझ्या अपमानाची मला सवय झाली होती. पण दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या पाहून मला जो आनंद झाला, तसा बी.ए.च्या निकालानंही झाला नव्हता. ते मी लपवत नाही.

संध्याकाळी मी चूल पेटवली नाही. दाजी आले, कोटासकट पाटावर बसले.

"वाढ."

"केलं न्हाय."

"का?"

"अर्ज कुठाय माझा?"

त्यांनी कोटाची बटणं सोडली. मग म्हणाले, "जाळला. काय करतोस?" आणि एकदा सुरू झाल्यावर ते थांबेनात. "माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसणार व्हतास तू. बी.ए. म्हणून दोन वर्सांत माझ्या डोक्यावर बसला असतास. मग तुझ्या आप्पानं, तुझ्या आक्कानं माझ्याकडं कसं बघितलं असतं? पहिल्या दिवशी ताटावर बसलो तवा तू माझ्याकडं कसं बघितलंस, ते दिसलं न्हाय व्हय मला?"

मी म्हणालो, "बरोबर दिसलं तुमास्नी."

त्यानंतर पंधरा दिवस आम्ही एका घरात राहिलो आणि एकमेकांशी बोललो नाही. मी माझ्यापुरत्या दोन भाकऱ्या थापायचो, त्यांच्यासमोर बसून खायचो, आणि परात घासून पालथी घालायचो. ते चुरमुरे आणि केळी खायचे. पोटाला सोसत नसे, रात्रभर कण्हायचे. मला दया आली नाही. बोरगावला परत जाऊन आप्पांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती, नाहीतर तेवढेही दिवस राहिलो नसतो.

मग आक्का आली. कडेवर मुलगा, मागं दोन पोरी. तिनं वाळलेला नवरा पाहिला, पालथी परात पाहिली. दाजी कचेरीत गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. अर्ज, वही, चार टेबलांवरचं हसू. मला खात्री होती, आक्का माझी आहे. तिनं मुलाला झोळीत टाकलं, पदर खोचला, पिठाचा डबा काढला.

"झालं सांगून?"

"आक्का, पाच म्हैने मला सैपाकी करून ठेवलं त्यांनी!"

तिनं परातीत पीठ घेतलं. "पाच म्हैने," ती म्हणाली. "मी धा वर्सं थापतोय. मला कुणी इचारलं न्हाय अर्ज कुठाय म्हणून."

"तुझं येगळं."

"काय येगळं?" तिचे हात थांबले. "चौथीत पयला नंबर माझा व्हता. तू तवा बाराखडी गिरवत व्हतास. मास्तर आप्पाकडं आलते, पोरीला शिकवा म्हणून. आप्पा म्हणलं, दोघास्नी न्हाय जमायचं, पोराला शिकवतो. तू कधी इचारलंस मला? सुट्टीला यायचास, ताटावर बसायचास, इंग्रजी पुस्तक वाचत जेवायचास. वाढणारीचं तोंड तरी बघितलंस का कधी?"

मी काहीतरी बोलणार होतो. ती म्हणाली, "त्यांनी केलं ते वाईट केलं. पण तुझं रडगाणं मला सांगू नगंस. माझ्याकडं त्याला जागा न्हाय." आणि पुन्हा थापायला लागली. भाकरी तिच्या हाताखाली गरगर फिरत होती, एवढी पातळ, एवढी गोल, की माझ्या पाच महिन्यांच्या कामाची मला लाज वाटली. मला तिचाही राग आला. तो राग चुकीचा होता हे कळायला फार वर्षं लागली. त्या दिवशी मी न जेवता ट्रंक उचलली आणि निपाणीच्या मोटारीत चढलो. संकेश्वरपर्यंत उभ्यानंच आलो.

निपाणीत एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला मुंबईच्या कंपन्यांना इंग्रजीत पत्रं लिहिणारा माणूस हवा होता. त्यानं माझं सर्टिफिकेट बघितलं नाही. एक जुनं पत्र पुढं टाकलं, म्हणाला, "ह्याला असं उत्तर लिव्ह की त्याला राग येईल पण पुरावा गावणार न्हाय." मी लिहिलं. त्यानं कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला ठेवलं. वखारीच्या माडीवर खोली दिली. दिवसभर शिंका यायच्या, कपड्यांना, अंथरुणाला, भाताला तंबाखूचा वास यायचा. जुना मुनीम मला 'विलायती' म्हणायचा आणि माझी शाई लपवून ठेवायचा. पण तिथं मी टिकलो.

दाजींशी मी लग्नाकार्यात एका पंगतीत जेवलो, बोललो मात्र नाही. लोक म्हणायचे, वडीलधारे आहेत, पाया पड. मी पडलो नाही.

चार वर्षांनी आप्पांकडून कळलं की दाजी थोरल्या पोरीला शाळेतून काढणार आहेत. चौथी झाली, बास झालं, म्हणाले. मी रजा घेऊन बेळगावला गेलो. दारातच दाजींनी विचारलं, "का आलास?"

"पोरीला शाळेतून काढू नका."

"तू कोण सांगणार? माझ्या घरात जेवून मला साहेबासमोर उभा केलेला माणूस तू."

"व्हय. आणि अर्ज जाळलेला माणूस तुम्ही."

गल्ली गोळा झाली. मावशी आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आमची तोंडं चालूच होती. आक्का आत पोरीची वेणी घालत बसली होती. तिनं एकदाही आमच्याकडं बघितलं नाही. मला ये म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. वेणी घट्ट ओढून तिनं रिबीन बांधली, पोरीच्या हातात पाटी-दप्तर दिलं, आणि आम्हा दोघांच्या मधून वाट काढत तिला शाळेच्या दिशेनं घेऊन गेली. दाजी म्हणाले, "अगं ए!" ती थांबली नाही.

पोरगी पुढं मॅट्रिक झाली. दाजींनी मला त्या दिवसानंतर उंबऱ्यात पाय ठेवू दिला नाही, आणि मीही कधी आत येऊ का म्हणून विचारलं नाही.