शेजाऱ्याचा नकाशा

मेधाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी वसईतल्या पापडी गावच्या बाजारात भाजी घेत होते. "मेधा गेली... झोपेतच," एवढंच तो बोलला. त्याला काही आठवडे झाले. आता तिची आठवण आली की रडू कमी येतं, हसूच जास्त.

आम्ही वसईच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे मी बँकेत लागले. समुद्र चढतोय, उष्मा वाढतोय अशा प्रश्नांवर देशोदेशींच्या माणसांनी एकत्र विचार कसा करावा, याच्या पद्धती ती आखू लागली. म्हणजे नक्की काय करतेस, असं विचारलं की म्हणायची, "चार माणसं जमली की मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. तसं होऊ नये अशी बैठक मी मांडते."

काही वर्षांपूर्वी ती आमच्याच सोसायटीत राहायला आली आणि घरून काम करू लागली. त्या पावसाळ्यात तळमजल्यावर पुन्हा पाणी शिरलं. अध्यक्ष सामंतकाका मागे उंच भिंत घालायला निघाले. पलीकडे हिराकाकींची केळीची वाडी; भिंत झाली असती तर सगळं पाणी तिथे तुंबलं असतं. काकी भांडायला आल्या, दोन्हीकडून आवाज चढले. मेधाने सगळ्यांना सोसायटीच्या कचेरीत बसवलं, कागद वाटले आणि पाणी कुठून येतं त्याचा नकाशा ज्याला त्याला न बोलता काढायला सांगितलं. मग कागदांची अदलाबदल. दुसऱ्याचा नकाशा आपलाच असल्यासारखा समजावून सांगायचा, ही अट.

काकींच्या हाती आमचा नकाशा आला. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "पानी जिन्यात शिरलं की यांची म्हातारी मानसं वर अडकतात... हे मला ठाव नव्हतं." सामंतकाकांनी वाडीचा नकाशा वाचला. वाडीतलं पाणी मुळात खाडीकडून येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि रस्त्याकडून येणारं पाणी काकींना माहीत नव्हतं. दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर दिसलं, की दोन्ही पाणी रस्त्याखालच्या एकाच बुजलेल्या मोरीपाशी येऊन अडतं. भिंतीचा विषय तिथेच मिटला. सगळ्यांनी मागे लागून मोरी मोकळी करून घेतली. पुढच्या पावसाळ्यात जिना कोरडा राहिला आणि काकींनी केळीचा घड पाठवला. हीच अदलाबदल मेधाने नंतर समुद्रकाठच्या कितीतरी शहरांतल्या लोकांकडून करवून घेतली, आणि दर वेळी हिराकाकींची गोष्ट सांगितली.

तिची एक सवय मात्र अजून आमच्यात आहे. स्वतःचा अंदाज चुकला की मेधा खुशीत टाळी वाजवायची, नवं काही कळलं म्हणून. परवा मोरी साफ करण्याच्या बैठकीत काकींनी सामंतकाकांना त्यांची चूक दाखवली. काकांनी इकडेतिकडे पाहिलं... आणि हळूच एक टाळी वाजवली. आधी काकी हसल्या, मग आम्ही सगळे.