दाबायला एक टक, सोडायला दोन

आमच्याकडे मिलिटरीतून निघालेला एक जुना ट्रक होता. आमच्या ह्यांनी तो लिलावात घेतला तेव्हा मुलगा पाळण्यात होता. वरून निळा रंग दिला होता, तरी दार उघडलं की फटीतून जुना हिरवा डोकावायचाच. मलकपेठेत आमच्या घराच्या बाजूला मोकळी जागा होती, तिथं तो उभा असायचा. बेगम बाजारातून नारळ, कापूर, पितळेची भांडी भरायची आणि श्रीशैलमच्या घाटातून देवळाजवळच्या दुकानांना पोचवायची, हा आमचा धंदा. ड्रायव्हर एकच, पहिल्यापासूनचा. मला भाभी म्हणायचा. मीही त्याला भाईच म्हणायचे.

हे गेले ते छातीच्या दुखण्यानं, फार दिवस अंथरुणात न राहता. मुलगा पुण्याला, संगणकाच्या नोकरीत. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि दर रविवारी तो ट्रकवरच यायचा.

"आई, तो डबा भंगारात देऊन टाक. आता बाजार मोकळा झालाय, रोज नवीन गाडी निघते. त्या खटाऱ्याला कोण विचारतंय?"

"मी विचारते की," म्हणायचे मी.

त्याला हसू यायचं. मीही हसून फोन ठेवायचे. पण खरं काय होतं ते त्याला सांगता आलं नाही कधी. संध्याकाळचे सहा वाजायला आले की गल्लीच्या तोंडाशी त्या ट्रकचा घरघराट ऐकू यायचा आणि मी चहाला आधण ठेवायचे. घाटाची फेरी असली तर एक दिवस आड यायचा, पण यायचा. अख्ख्या दिवसात माझ्या घराकडे परत येणारं तेवढं एकच काय ते उरलं होतं. ते भंगारात द्यायचं म्हणजे मग सहा वाजता करायचं काय?

आणि मग एके दिवशी ट्रक आला, पण भाई चहाला वर आला नाही. पायरीशीच उभा राहिला आणि किल्ली कठड्यावर ठेवली.

"भाभी, अब मैं घाट नई उतरता."

मी म्हटलं झालं काय. तर म्हणाला, घाट संपता संपता मागच्या एका चाकाची ब्रेकची रबरी नळी फुटली. सपाटीला आलो होतो म्हणून बचावलो, मग ती नळी ठेचून बंद केली आणि हळूहळू घरापर्यंत आणला. "चारों चक्कों को एकीच लाइन है भाभी. एक नली गई तो चारों का ब्रेक गया. पाँव सीधा फर्श पे." मग म्हणाला, "साहब रहते तो कब का करवा देते."

ते मला लागलं. कारण साहेबांनी ठरवलंच होतं. माझ्या पलंगाखाली एक खोकं होतं, त्यात नव्या पद्धतीचा ब्रेकचा जोड-सिलिंडर होता. पुढच्या चाकांची लाइन वेगळी, मागच्यांची वेगळी. आधी असा माल मिळायचा नाही, चिठ्ठ्या पाठवून वर्ष वर्ष वाट बघायची. आता दुकानात आयता मिळायला लागला होता, तसा हे घेऊन आले आणि म्हणाले, दिवाळीनंतर बसवू. दिवाळी आली, पण हे नव्हते. झाडताना केरसुणी रोज त्या खोक्याला लागायची आणि मी ते थोडं आत सरकवायचे.

दुसऱ्या दिवशी भाईनं ट्रक बैलगाडीसारखा हळू हळू चालवत रेसकोर्सजवळच्या मिस्त्रीकडे नेला. मी मांडीवर खोकं घेऊन शेजारी. मिस्त्रीनं ट्रकभोवती एक फेरी मारली.

"अम्मा, इससे अच्छा तो नया ले लो."

"नक्को. इसीच को ठीक करो."

"फौज ने छोड़ दिया, तुम नई छोड़ते."

"फौजेला दुसरे आहेत," मी मराठीतच म्हटलं. त्याला कळलं असावं, कारण त्यानं बॉनेट उघडलं.

तीन दिवस काम चाललं. जुन्या जागेची भोकं नव्या सिलिंडरला जुळेनात, तर लोखंडाची जाड पट्टी कापून, भोकं पाडून मधे बसवली. चारही रबरी नळ्या नव्या. पत्र्याच्या शेडमध्ये स्टूल टाकून मी बसून असायचे. मिस्त्री म्हणायचा, अम्मा घर जाओ, यहाँ धूल है. मी म्हणायचे, धूळ घरीही आहे.

एकदा मी त्याला विचारलं, समजा घाटात पुन्हा एक लाइन गेली, तर गाडी थांबेल का?

"रुकेगी अम्मा. दूसरी लाइन है ना. लेकिन फौरन नई. पैडल भी नीचे जाएगा, डर भी लगेगा. ज़रा दूर जाके रुकेगी."

तिसऱ्या दिवशी नळ्यांतली हवा काढायची होती. हे काम दोघांचं. एकानं वर बसून ब्रेकचं पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकाशी झोपून तिथला निपल नावाचा छोटा स्क्रू सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर अडकलेली हवा बाहेर येते. निपल पुन्हा आवळेपर्यंत वरच्यानं पाय हलवायचा नाही. मिस्त्रीचा माणूस लग्नाला गेला होता, आणि भाई डोळे दाखवायला हिमायतनगरच्या डॉक्टरकडे. मिस्त्री रस्त्याकडे बघत उभा राहिला, कोणी ओळखीचं मिळतंय का.

मी म्हटलं, "मी दाबते."

"अम्मा, ये चूल्हा फूँकने का काम नई है."

"तुझ्यापेक्षा जास्त दाबलंय मी," म्हटलं आणि चढले वर. गुडघा कुरकुरला, पण चढले.

हे खोटं नव्हतं. ट्रकच्या ब्रेकची हवा दर वेळी आम्ही दोघांनीच काढली. त्या काळी आमच्यात चार माणसांत बायकोला हाक मारत नसत. नावानं तर नाहीच. घरात 'अगं' म्हणायचे, पण दारात हमाल उभे असले की ह्यांच्या तोंडातून तेवढंही निघत नसे. मग ट्रकखाली झोपून मला सांगणार कसं, दाब आणि सोड? तर पान्यानं. चॅसीच्या लोखंडी सांगाड्यावर एकदा ठोकलं की दाबायचं. दोनदा ठोकलं की सोडायचं. हे आम्ही बसून ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला चारचौघांत मारलेली हाक म्हणजे तेवढीच.

मिस्त्री खाली गेला. ओरडला, "दबाओ अम्मा." मी दाबलं. पॅडल सावकाश खाली जायला लागलं, म्हणजे निपल सुटला होता. मी धरून बसले. तेवढ्यात खालून आवाज आला, टक, टक. माझा पाय लगेच वर.

"अम्मा, पाँव कायकू उठाए?" मिस्त्री तेलानं माखलेलं तोंड घेऊन बाहेर आला. "नई बोला मैं उठाओ. सब हवा वापस अंदर खींच लिया."

"तुम दो बार ठोके ना."

"वो तो निपल अटक रहा था, इसके वास्ते ठोका."

मग मला सांगावं लागलं. एकदा म्हणजे दाब, दोनदा म्हणजे सोड. बोलताना मी स्टीअरिंगवरची धूळ पदरानं पुसत होते, त्याच्याकडे बघत नव्हते. त्यानं तोंडावरचं तेल बाहीला पुसलं. मला वाटलं आता हसणार.

"ठीक है अम्मा," म्हणाला. "साहब के हिसाब सेइच करते."

तो पुन्हा खाली गेला. आणि मग चॅसीवर एकदाच, टक.

मी दाबलं. काचेतून समोर शेडचा गंजलेला पत्रा दिसत होता. खाली कोण झोपलंय ते काही दिसत नव्हतं. तेव्हाही कधी दिसलं नव्हतं. दोन टक आले, मी सोडलं. पुन्हा एक. मधल्या वेळात मी श्वासही बेतानं घेत होते. मागची दोन चाकं झाली, मग पुढची. पॅडल हळूहळू कडक होत गेलं, दगडासारखं. शेवटच्या चाकाचे दोन टक आले तेव्हा मी पाय उचलला आणि मनात आलं, या ट्रकला सहा चाकं असती तर किती बरं झालं असतं.

संध्याकाळी भाई आल्यावर मिस्त्रीनं मुद्दाम पुढची लाइन सैल केली आणि म्हणाला, अब चला के देखो. मी दोघांच्या मधे बसले. मैदानात थोडा वेग घेतला आणि भाईनं ब्रेक दाबला. पॅडल निम्म्याच्या खाली गेलं. ट्रक चालतच राहिला. कडुनिंबाचं झाड मागं गेलं. भाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग जरा पुढं जाऊन ट्रक थांबला. भाईनं स्टीअरिंगवरचा हात न काढताच मान हलवली.

"चलता भाभी," म्हणाला. लाइन पुन्हा आवळून झाल्यावर त्यानं किल्ली मला परत न देता आपल्या खिशात टाकली.

ट्रक पुढंही बरीच वर्षं घाटात गेला आणि संध्याकाळी येत राहिला. भाई चहा घ्यायचा, दोन गोष्टी सांगायचा आणि आपल्या घरी जायचा. त्याचं घर होतं ना. मग मी पेले विसळायचे, खिडकीतून ट्रक उभा दिसायचा. आता भाईचे डोळे गेले आणि ट्रकही गेला. ती जागा मोकळी आहे, शेजारचे तिथं स्कूटर लावतात.

मुलानं दाराला घंटा बसवून दिली आहे, पण वीज नसली की दूधवाला दारावर बोटानं ठोकतो. एकदाच. मी खुर्चीत असले तर माझा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जातो. आवाज ऐकलाय, उठायला हवं, दूध घ्यायला हवं, हे सगळं कळतं मला. पण तो पुन्हा, दोनदा ठोकेपर्यंत मी पाय तसाच दाबून बसलेली असते.